यूपीएससी पूर्व परीक्षा, सामान्य अध्ययन: उजळणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की अभ्यासिकेतल्या मुलांचे प्रश्न बदलतात. दिवाळीपर्यंत "कोणतं पुस्तक घेऊ?" असं विचारणारी मुलं आता "काय सोडू?" असं विचारायला लागतात. गेली काही वर्षं मी तालुक्याच्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांची उजळणी घेतो. बहुतेक जण मराठी माध्यमातून आलेले. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांतले जे दर वर्षी परत येतात, ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत. सगळं यूपीएससीच्या पूर्व परीक्षेतल्या सामान्य अध्ययन पेपर एकसाठी आहे. राज्यसेवा देणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पेपरचं स्वरूप एकदा सांगाल का?

१०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीच्या उत्तराला त्याचा एक तृतीयांश वजा, म्हणजे साधारण ०.६६. त्याच दिवशी दुपारी सीसॅट, म्हणजे आकलन, तर्क आणि गणिताचा दुसरा पेपर, असतो: ८० प्रश्न, २०० गुण, त्यात ३३ टक्के मिळाले की झालं. मेरिट फक्त पहिल्या पेपरवर लागतं.

उजळणी म्हणजे सगळी पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून वाचायची का?

नाही. माझ्या पहिल्या पूर्वच्या वेळी मी तेच केलं होतं. वर शेवटच्या महिन्यात दोन नवी पुस्तकं आणली. हॉलमध्ये बसल्यावर प्रत्येक विधान कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं आणि एकाचीही खात्री देता येत नव्हती. तेव्हा एक गोष्ट कळली, जी आज मी प्रत्येक मुलाला सांगतो: आयोग तुम्हाला अगदीच अनोळखी गोष्ट फार कमी वेळा विचारतो. तुम्ही अर्धवट वाचलेल्या गोष्टीतला एक शब्द बदलतो. त्यामुळे उजळणीत शोधायचा असतो तो फरक. हे आणि त्याच्या शेजारचं ते, यांत नेमकं वेगळं काय आहे?

एक विधान घ्या. "७३व्या घटनादुरुस्तीनुसार प्रत्येक राज्यात त्रिस्तरीय पंचायत व्यवस्था असणे बंधनकारक आहे." आमच्याकडे दहातली आठ मुलं यावर डोळे मिटून बरोबरची खूण करतात, कारण ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद हे त्यांनी घरी पाहिलेलं असतं. पण २० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या राज्याला मधला स्तर न ठेवण्याची मुभा आहे. शेजारच्या गोव्यात म्हणूनच पंचायत समिती नाही. शिवाय नागालँड, मेघालय आणि मिझोरामला हा भाग लागूच होत नाही. एका "प्रत्येक" या शब्दावर दोन गुण गेले आणि वर ०.६६.

म्हणून एक शंभर पानी वही घ्या. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला एक गोष्ट, उजवीकडे तिच्याशी गफलत होणारी दुसरी. सगळी उजळणी त्या वहीत झाली तरी चालेल.

राज्यशास्त्रात आधी कशाला हात घालू?

राज्यशास्त्राला वेळ द्या, कारण इथे घातलेला वेळ सर्वांत लवकर फळ देतो. आमच्या वहीत पहिली पानं कायम याच विषयाची असतात.

सुरुवात मूलभूत हक्कांपासून करा. कलम १५, १६, १९, २९ आणि ३० हे फक्त भारतीय नागरिकांसाठी. कलम १४, २०, २१ सारखे हक्क परकीय व्यक्तीलाही. हे एक पान. दुसरं पान आणीबाणीचं. कलम ३५८ खाली कलम १९ आपोआप स्थगित होतं, पण ४४व्या घटनादुरुस्तीनंतर फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणावरून लागलेल्या आणीबाणीत. सशस्त्र उठावाच्या कारणावरून लागलेल्या आणीबाणीत नाही. कलम ३५९ खाली राष्ट्रपतींना वेगळा आदेश काढावा लागतो, आणि त्या आदेशानेही कलम २० आणि २१ ला हात लावता येत नाही. मुलं इथे दर वर्षी अडखळतात, म्हणून मी हे पान त्यांना न बघता तीनदा लिहायला लावतो.

मग संसद. धन विधेयक फक्त लोकसभेत मांडता येतं, राज्यसभेला ते १४ दिवसांत परत करावं लागतं, आणि ते धन विधेयक आहे की नाही याबद्दल लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम. संयुक्त बैठक साध्या विधेयकासाठी होते. धन विधेयकासाठी नाही आणि घटनादुरुस्तीसाठीही नाही. आजवर विधेयकांसाठी तीनच संयुक्त बैठका झाल्या: १९६१ मध्ये हुंडाबंदी, १९७८ मध्ये बँक सेवा आयोग रद्द करण्याचं विधेयक, २००२ मध्ये पोटा, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा.

पंचायत राजच्या पानावर "बंधनकारक" आणि "ऐच्छिक" असे दोन रकाने करा. ग्रामसभा, महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा, पाच वर्षांची मुदत, राज्य निवडणूक आयोग, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग, उमेदवाराचं किमान वय २१ हे सगळं बंधनकारक. इतर मागासवर्गीयांचं आरक्षण आणि अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांपैकी प्रत्यक्ष किती सोपवायचे हे राज्याच्या हातात. महाराष्ट्रात महिलांना ५० टक्के जागा आहेत, पण त्या राज्याच्या कायद्यामुळे. राज्यघटनेत एक तृतीयांशच आहे, आणि प्रश्न राज्यघटनेवर येतो.

आदिवासी भागांच्या कारभाराबद्दलची पाचवी आणि सहावी अनुसूची शेजारी शेजारी लिहा. सहावी फक्त आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरामसाठी. आपल्या गडचिरोली, नंदुरबारचे आदिवासी भाग पाचवीत येतात, आणि तिथे १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित भागांतल्या पंचायतींचा कायदा, लागू होतो.

पदांवरून दूर करण्याची पद्धत हे शेवटचं पान. मुख्य निवडणूक आयुक्त आणि महालेखापरीक्षक यांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच काढता येतं. महान्यायवादी मात्र राष्ट्रपतींच्या मर्जीपर्यंत पदावर असतात.

कलमं आणि घटनादुरुस्त्या किती पाठ करायच्या?

चाळीसेक कलमं, पंधराएक दुरुस्त्या. ४२वी, ४४वी, ७३वी, ७४वी, ८६वी, ९७वी, १०१वी, १०३वी आणि १०६वी या तर झोपेतही सांगता आल्या पाहिजेत. बाकीच्यांत वेळ घालवू नका.

इतिहास अथांग आहे. कुठे थांबू?

आधुनिक भारत आधी. ब्रिटिश सरकारचे १९०९, १९१९ आणि १९३५ हे तीन कायदे एका पानावर घ्या. मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ १९०९ ला आले. प्रांतांत द्विदल राज्यपद्धती (काही खाती भारतीय मंत्र्यांकडे, काही गव्हर्नरकडे) १९१९ ला आली. १९३५ ला ती प्रांतांतून गेली आणि केंद्रासाठी मांडली गेली, पण केंद्रात ती प्रत्यक्षात कधी आलीच नाही. "गेली" आणि "आली" यांची जागा बदलून प्रश्न तयार होतो.

काँग्रेसची अधिवेशनं तारखांनी पाठ करू नका, ठरावांनी करा. १९२० नागपूर: असहकारावर शिक्कामोर्तब आणि भाषावार प्रांतिक समित्या. १९२९ लाहोर: पूर्ण स्वराज्य. १९३१ कराची: मूलभूत हक्क आणि आर्थिक धोरण. १९३६ फैजपूर, आपल्या जळगाव जिल्ह्यात: खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. रावेर-यावलकडची मुलं फैजपूर कधीच विसरत नाहीत. पहिलं अधिवेशन १८८५ ला पुण्यात व्हायचं होतं; कॉलऱ्याच्या साथीमुळे ते मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात झालं, ७२ प्रतिनिधींसह. ठिकाणाला असं कारण जोडलं की लक्षात राहतं.

पुणे करारही असाच घ्या. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात झालेल्या करारात ते गेले, संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या आणि प्रांतिक कायदेमंडळांतल्या त्या जागा ७१ वरून १४८ झाल्या. काय गेलं, काय आलं, किती वाढलं, एवढ्यात सगळा प्रश्न संपतो. ४२ च्या लढ्यातली प्रतिसरकारं मात्र तिन्ही लक्षात ठेवा: बलिया, तामलुक आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचं सातारा.

प्राचीन आणि मध्ययुगीन इतिहासात हात आखडता घ्या. शब्दांचे अर्थ, म्हणजे जमीनमहसुलाच्या, अधिकाऱ्यांच्या, करांच्या संज्ञा एवढ्या एकदा बघा.

कला-संस्कृती सगळी पाठच करावी लागते का?

तुम्ही सहलीला जाऊन आलेल्या जागांपासून सुरू करा. कार्ल्याला गेलेल्या मुलाला चैत्य आणि विहार यांतला फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही: आत स्तूप आणि पूजा तो चैत्य, भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या तो विहार. अजिंठा फक्त बौद्ध. वेरूळ बौद्ध, हिंदू आणि जैन. कैलास म्हणजे वेरूळचं १६वं लेणं, राष्ट्रकूट पहिला कृष्ण याच्या काळातलं. इथून मग ओडिशा, तमिळनाडूच्या मंदिरशैलींकडे जा.

भूगोलाची उजळणी वाचून होते का?

नकाशा हाताने काढून होते. कोऱ्या कागदावर गोदावरी काढा. त्र्यंबकेश्वरला उगम, लांबी १,४६५ किलोमीटर. उजवीकडून प्रवरा, मग मांजरा. डावीकडून पूर्णा, मग प्राणहिता, इंद्रावती, शबरी. प्राणहितेशी थोडं थांबा: वर्धा आणि वैनगंगा मिळून ती होते, पैनगंगा त्याआधीच वर्धेला मिळालेली असते, आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीत येते. ही एक नदी दहा वेळा काढलेल्या मुलीला मी गेल्या वर्षी कृष्णा काढायला सांगितली. तिने स्वतःहून भीमा, तुंगभद्रा आणि मुसी कोणत्या काठाला मिळतात हे आधी विचारलं. नदी अशी शिकावी.

नर्मदा आणि तापी पश्चिमवाहिनी, खचदरीतून वाहणाऱ्या, मुखाशी त्रिभुज प्रदेश न करणाऱ्या. विंध्य आणि सातपुड्याच्या मधली नर्मदा, सातपुड्याच्या दक्षिणेची तापी. काळी माती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते, चुना आणि लोह भरपूर, पण नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय पदार्थ कमी. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे माहीतच असतं, फक्त पेपरात ते आठवायचं असतं.

मान्सून, एल निनो, हिंदी महासागरातलं द्विध्रुव, जेट प्रवाह यांना एक अख्खा दिवस द्या. बातम्यांत येणारे समुद्र आणि सामुद्रधुन्या रोज नकाशात शोधा.

अर्थशास्त्र डोक्यावरून जातं. काय करू?

आकडे घालून बघा. समजा सरकारचा एकूण खर्च १०० रुपये. महसुली जमा ७०. निर्गुंतवणूक आणि कर्जवसुलीतून आले ५. उरलेले २५ उसने घ्यावे लागले. ती राजकोषीय तूट. त्या १०० रुपयांत १५ रुपये जुन्या कर्जाच्या व्याजाचे असतील तर २५ वजा १५, म्हणजे १०, ही प्राथमिक तूट. वहीत हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की व्याख्या घोकायची वेळ येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या साधनांचंही तसंच. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: याने बाजारातला पैसा वाढतो की कमी होतो? रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) वाढला, रोख राखीव प्रमाण वाढलं, रोखे विकले तर कमी. रोखे विकत घेतले तर वाढतो. चलनविषयक धोरण समिती सहा जणांची, लक्ष्य ४ टक्के अधिक-उणे २, आणि ते ग्राहक किंमत निर्देशांकावर मोजतात, घाऊकवर नाही.

कोल्हापूर-सांगलीच्या मुलांना एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, माहीत असतो, आणि म्हणूनच ती चुकतात. उसाचा एफआरपी हा हमीभाव मिळणाऱ्या २२ पिकांत मोजत नाहीत. तो ऊस नियंत्रण आदेश, १९६६ खाली ठरतो, साखरेच्या उताऱ्याशी जोडलेला असतो आणि कारखान्याने १४ दिवसांत द्यायचा असतो, म्हणजे त्याला कायद्याचा आधार आहे. हमीभावाला तसा कायदा नाही. शिफारस मात्र दोन्हींसाठी एकच आयोग करतो: कृषी खर्च व मूल्य आयोग.

पर्यावरणात नुसती नावंच नावं आहेत. कशी लक्षात ठेवायची?

नावांच्या मागे कायदा आणि खातं बघा. २०१९ च्या पूर्वमध्ये बांबूवर एक प्रश्न आला होता. त्यातलं पहिलं विधान असं, की भारतीय वन अधिनियमातल्या दुरुस्तीने वनवासींना वनक्षेत्रातला बांबू तोडण्याचा हक्क मिळाला. ते चूक होतं, कारण २०१७ ची दुरुस्ती वनाबाहेर वाढलेल्या बांबूपुरती होती. वनातल्या बांबूवरचा हक्क येतो २००६ च्या वनहक्क कायद्यातून, जो बांबूला गौण वनोपज मानतो.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गाव माहीत असलेला विद्यार्थी इथे थांबून विचार करतो. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, आणि हे सगळं वनहक्क कायद्याखालचं. गावाची घोषणाही प्रसिद्ध आहे: "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". त्याच पानावर लिहून ठेवा की या कायद्याचं केंद्रातलं खातं आदिवासी व्यवहार मंत्रालय आहे, पर्यावरण मंत्रालय नाही.

मग अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान, व्याघ्र प्रकल्पातला गाभा आणि बफर, रामसर यादी (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा) आणि माँट्रो नोंद (त्यांतल्या धोक्यात आलेल्या) या जोड्या करा. माँट्रोत आपली दोनच: केवलादेव आणि लोकटाक. महाराष्ट्रातली रामसर स्थळं नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्याच्या अनुसूची सहावरून चार झाल्या. जुन्या नोट्समध्ये हे दुरुस्त करून घ्या.

विज्ञान-तंत्रज्ञान?

पायाभूत गोष्ट पक्की आणि वर बातमी. नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी दुर्बीण रेडिओ लहरी टिपते, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी. हिंगोलीत होणारी लायगो गुरुत्वीय लहरींसाठी. आदित्य एल-१ सूर्याच्या जवळ जात नाही, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून त्याच्याकडे बघतो. जैवतंत्रज्ञान, लसींचे प्रकार आणि उपग्रहांच्या कक्षा एवढं याच पद्धतीने करा.

चालू घडामोडी किती मागच्या?

साधारण दीड वर्षाच्या. पण बातमी एकटी वाचू नका, तिच्याखालचा पक्का धडा शोधा. २०२५ मध्ये मराठ्यांचे लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. आनंदाची बातमी आहे, पण परीक्षार्थी म्हणून पुढे बघा: सगळे महाराष्ट्रात आहेत का? नाही, जिंजी तमिळनाडूत आहे. सगळे डोंगरी आहेत का? नाही, खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग पाण्यात आहेत. सांस्कृतिक वारसा की नैसर्गिक? सांस्कृतिक, २०१२ मध्ये आलेला पश्चिम घाट नैसर्गिक. तसंच ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीलाही मिळाला, आणि एकूण अभिजात भाषा ११ झाल्या.

पेपर मराठीत नसतो. मी मराठीतूनच वाचलंय, आता?

हा प्रश्न विचारताना मुलांचा आवाज खाली जातो, म्हणून याचं उत्तर मी सविस्तर देतो. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. पूर्वचा पेपर मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असतो. तुमचा अभ्यास कमी नाही, फक्त शब्दांचा पूल बांधायचा राहिलाय. मराठी शब्दासमोर इंग्रजी आणि हिंदी शब्द अशी दीडशे-दोनशे संज्ञांची यादी करा. मूलभूत हक्क, हिंदीत मूल अधिकार. घटनादुरुस्ती, हिंदीत संविधान संशोधन. चलनवाढ, हिंदीत मुद्रास्फीति. तूट, हिंदीत घाटा. रोज सकाळी वीस.

हिंदी वाचताना एक धोका आहे: ओळखीचा दिसणारा शब्द वेगळा निघतो. आपली शिक्षा आणि हिंदीतली शिक्षा हे सर्वांना ठाऊक असतं, पण घाईत असले शब्द फसवतात. आणि हिंदी मजकूर जड वाटला तर त्याच प्रश्नाचा इंग्रजी मजकूर लगेच बघा. फेब्रुवारीपासून सराव पेपर इंग्रजीतूनच सोडवा. पहिले चार पेपर त्रासदायक जातील, पाचव्यापासून डोळा बसतो.

"यांपैकी किती विधाने बरोबर आहेत?" असे प्रश्न आल्यापासून एलिमिनेशन चालत नाही. मग?

२०२३ मध्ये असे प्रश्न भरपूर आले आणि अर्धवट माहितीवर पर्याय खोडण्याची सोय गेली. म्हणून तर फरकांची वही. बाकी प्रश्नांत हिशेब साधा ठेवा. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर ठोकताळ्याने सरासरी शून्य हाती येतं; सोडून द्या. दोन पर्याय नक्की खोडता येत असतील तर उत्तर द्या. अशा बारा प्रश्नांत सहा बरोबर आले तरी १२ मिळतात, ४ जातात, ८ हातात राहतात.

सीसॅटसाठी उजळणी लागते?

लागते, विशेषतः गणित सोडून बरीच वर्षं झालेल्यांना. एकही चूक न करता २७ प्रश्न बरोबर आले तर ६७.५ होतात. चुका होणारच, म्हणून ३५ चं लक्ष्य ठेवा. आठवड्यातून एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, दुपारी अडीचलाच.

मॉकमध्ये गुण कमी येतात. उजळणी थांबवून पुन्हा वाचू का?

नको. चुकलेला प्रश्न वहीत घ्या आणि समोर कारण लिहा: माहीत नव्हतं, गफलत झाली, की घाईत वाचलं. बहुतेकांच्या वहीत गफलतच जास्त निघते. आणि उत्तरतालिकेवर आंधळा विश्वास नको. एका टेस्ट सिरीजच्या तालिकेत वित्त आयोगाबद्दलचं उत्तर चुकीचं होतं आणि आमच्या दोन मुलांनी तेच पाठ करून ठेवलं होतं. शंका आली की मूळ कलम वाचा.

आदल्या दिवशी काय वाचू?

फरकांची वही, एकदा, दुपारी चारपर्यंत. मग प्रवेशपत्राची प्रिंट, फोटो ओळखपत्र आणि काळ्या शाईचे दोन बॉलपेन पिशवीत ठेवा, केंद्राचा रस्ता बघून या आणि वेळेवर जेवा. सकाळी गोळे रंगवताना प्रत्येक दहा प्रश्नांनंतर क्रमांक पडताळा.